टाकीच्या तोंडाशी

माझं काम हवा तपासणं.
अहमदीच्या रिफायनरीत टाकी रिकामी झाली
की माणूस आत उतरण्याआधी मी नळी सोडतो,
आकडे बघतो, मग परमिटवर सही.
नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो :
हा वायू आधी सडक्या अंड्यासारखा येतो.
वास आला तर नशीब समजा.
वाढला की तो आधी नाकच मारतो,
आणि माणसाला वाटतं, चला, हवा स्वच्छ झाली.

अठरा वर्षं हे सांगतोय.
घरी मात्र, मंगफच्या तिसऱ्या मजल्यावर,
वास यायचा थांबून महिना झाला होता.

बाहेर अठ्ठेचाळीस. पोरगं घरात आहे,
एसीत आहे, नजरेसमोर आहे,
वृंदा गावी फोनवर सांगायची
आणि बाजूला बसून मी मान डोलवायचो.
कैवल्य हेडफोन लावून हसायचा.
मग हसणं बंद झालं.
शावर्म्यातलं लोणचं आधी वेचून खाणारा हा
पुडकं तसंच ठेवायला लागला.
आम्ही म्हटलं, वय आहे. अकरावं लागलंय.

एका रात्री मी बूट काढत होतो.
दाराशी येऊन त्यानं विचारलं,
"बाबा, तीस दिनार म्हणजे खूप का?"

एवढंच.
पण माझ्या आत कुठंतरी मीटर वाजला.

त्याचं नाव निंजा-बारा. वयही बाराच, म्हणे.
गेममध्ये यानं मागितली नसताना तलवार दिली,
सोन्याचे पंख दिले,
दोघांनी मिळून गणिताच्या बाईंना शिव्या घातल्या.
घरी सांगू नकोस, गेम बंद करतील,
हे पहिलं कुलूप.
मग एक फोटो. साधाच.
मग अजून एक.
मग शर्ट नसलेला.
मग पैसे, नाहीतर शाळेच्या ग्रुपवर.

सांगताना तो भिंतीवरच्या स्विचकडे बघत होता.
मीच पाठवले बाबा, मीच पाठवले.

हात उठला होता माझा, खोटं कशाला बोलू.
फोनवर की त्याच्यावर, मलाच माहीत नाही.
आणि प्लांटवरचा नियम आठवला :
गजर ऐकून पळत बाहेर आलेल्याला
आम्ही जाब विचारत नाही.
गजर खोटा निघाला तरी सावलीत बसवतो, पाणी देतो.

पाणी दिलं.
म्हटलं, बाहेर आलास ना. बस्स.

पोलिसांत? इथं? वृंदा कुजबुजली.
आपला अकामा, तुमची नोकरी, मंडळातल्या बायका.
रात्री दोनला उठून तिनंच कोरी वही काढली
आणि तारखा लिहायला बसली.
काही पुसलं नाही. काही भरलं नाही.
त्याला उत्तर तर नाहीच.

ठाण्यात नूफ नावाची अधिकारी होती.
तिनं आधी मोबाइल मागितला नाही.
ज्यूसचं खोकं काढलं, नळी टोचून कैवल्यच्या हाती दिलं,
आणि मोडक्या हिंदीत म्हणाली, तुझी चूक नाही.
मी पाणी दिलं होतं.
हे वाक्य राहूनच गेलं होतं.

तपास चालू आहे.
निंजा-बारा कोण, किती वर्षांचा, कुठल्या देशात,
कळेल किंवा नाही कळणार.
आत्ता कुठल्यातरी गार खोलीत
तो कुणाला तरी पंख देत असेल.

आमच्यात एक माणूस टाकीच्या तोंडाशी उभा असतो.
आत उतरत नाही, जागा सोडत नाही.
आतल्याशी बोलत राहायचं,
उत्तर आलं नाही की दोर ओढायचा.
ही ड्यूटी कुणालाच नको असते,
आठ तास नुसतं, काय रे, बरं आहे ना?

काल कैवल्यनं पुन्हा गेम लावला.
वृंदा माझ्याकडे बघत राहिली.
मी स्टूल ओढलं, त्याच्या दाराशी बसलो.
हा हिरवा कोण रे?
"बाबा, ते झाड आहे."

बरं, म्हटलं.
आणि त्याच्यामागे?